५४ रंगांचे आकाश

जुन्या व्हिडिओ गेममधील पार्श्वचित्रे अत्यंत मोजक्या रंगांत रंगवली गेली. त्यामागचे तंत्र, चित्रकारांनी शोधलेल्या युक्त्या आणि दूरचित्रवाणी संचाच्या जुन्या काचेबरोबर हरवत चाललेल्या छटा यांचा हा परिचय.

व्हिडिओ गेम म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो त्यातील नायक. उड्या मारणारा मिशीवाला मारिओ किंवा वाऱ्याच्या वेगाने धावणारा निळा सॉनिक. त्यांच्या मागे सरकत जाणारे आकाश, ढग, डोंगर आणि धबधबे यांच्याकडे खेळणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही. तसे ते जाऊ नये, अशीच त्यांची योजना असते. मात्र १९८० आणि १९९० च्या दशकांतील या पार्श्वचित्रांकडे आता स्वतंत्र कलाप्रकार म्हणून पाहिले जाऊ लागले आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात दाखल करून घेतले. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये व्हिडिओ गेमच्या कलेवर प्रदर्शन भरले. २०१५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथील द स्ट्राँग या संग्रहालयाने व्हिडिओ गेमसाठी सन्मानदालन सुरू केले, तेव्हा पहिल्या सहा मानकऱ्यांत ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा समावेश होता.

चित्र संग्रहालयात आले की त्याचा मूळ रंग कोणता, हा प्रश्न ओघाने येतोच. तैलचित्राच्या बाबतीत त्याचे उत्तर कॅनव्हासवर सापडते. या चित्रांच्या बाबतीत ते शोधणे विलक्षण अवघड आहे. त्यासाठी हे रंग मुळात तयार कसे होत, ते समजून घ्यावे लागते.

रंगांचा हिशेब

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिली कॉम्प्युटर, म्हणजेच फॅमिकॉम हे यंत्र बाजारात आणले. १९८५ मध्ये ते निन्टेन्डो एन्टरटेनमेंट सिस्टीम या नावाने अमेरिकेत पोहोचले. या यंत्राच्या चित्र काढणाऱ्या चिपमध्ये रंगांसाठी ६४ सांकेतिक क्रमांक होते. त्यांतील अनेक क्रमांक काळ्याचेच असल्याने प्रत्यक्षात सुमारे ५४ वेगळे रंग हाती लागत. हा झाला यंत्राचा संपूर्ण रंगपट. मात्र हे सर्व रंग एकाच वेळी वापरण्याची मुभा नव्हती.

पडदा २५६ गुणिले २४० चित्रबिंदूंचा असे. हे बिंदू सुटे रंगवण्याइतकी स्मरणशक्ती यंत्राकडे नव्हती. म्हणून चित्राचे ८ गुणिले ८ बिंदूंचे चौकोनी तुकडे पाडले जात. त्यांना टाइल म्हणतात. न्हाणीघराच्या भिंतीवर मोजक्या नक्षीच्या फरशा पुन्हा पुन्हा बसवाव्यात, तशी ही रचना. एका पडद्यावर अशा ९६० टाइल बसत. कोणत्या जागी कोणती टाइल हे सांगायला ९६० बाइट आणि त्यांचे रंग ठरवायला अवघे ६४ बाइट लागत. एकंदर १०२४ बाइटमध्ये पूर्ण दृश्य मावे. एवढ्या जागेत इंग्रजी मजकुराचे जेमतेम अर्धे पान बसते.

चित्रकाराच्या हातातील रंगपाटीला पॅलेट म्हणतात. फॅमिकॉमने पार्श्वचित्रासाठी अशी ४ पॅलेट दिली होती. प्रत्येकात ३ रंग आणि चौथा सर्वांना सामाईक असा पार्श्वरंग. म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त १३ रंग. हलणाऱ्या पात्रांसाठी वेगळे १२ मिळत आणि पडद्यावरील एकूण संख्या २५ पर्यंत जाई. यात आणखी एक अट होती. पॅलेट प्रत्येक टाइलला स्वतंत्रपणे देता येत नसे. १६ गुणिले १६ बिंदूंच्या चौकोनातील चारही टाइलना एकच पॅलेट लागू होई. हिरव्या झुडपाची फांदी शेजारच्या लाल भिंतीवर टेकवायची तर दोघांचे रंग त्या तीन-चार रंगांतच बसवावे लागत. त्या काळच्या अनेक खेळांतील दृश्ये चौकोनी ठोकळ्यांनी बनल्यासारखी दिसतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

तोच ढग, तेच झुडूप

या बंधनांचा सर्वांत प्रसिद्ध वापर १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये आढळतो. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा हा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. त्यातील आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचा आकार एकच आहे. टाइल त्याच, पॅलेट तेवढी वेगळी. पांढरा आणि फिका निळा लावला की ढग, दोन हिरव्या छटा लावल्या की झुडूप.

या खेळातील जमिनीवरच्या टप्प्यांचे रंग मोजून पाहिले तर काटकसरीचा अंदाज येतो. पहिल्या पॅलेटमध्ये दोन हिरवे व काळा. दुसऱ्यात फिका पीच, विटकरी व काळा. तिसऱ्यात पांढरा, फिका निळा व काळा. चौथ्यात नारिंगी, तोच विटकरी आणि पुन्हा काळा. मागे आकाशाचा निळा. म्हणजे १३ जागा असूनही प्रत्यक्षात वेगळे रंग ९ च. सामाईक पार्श्वरंगाची जागा आकाशाने घेतली, म्हणून बाह्यरेषेचा काळा प्रत्येक पॅलेटमध्ये पुन्हा भरावा लागला. निळ्या आकाशासाठी मोजलेली ही किंमत होती. भुयारातील टप्प्यांत याच विटा निळसर होतात, तर काही टप्प्यांत आकाश काळे करून रात्र आणली जाते. आकार तेच राहून केवळ रंगांच्या क्रमांकांची अदलाबदल झाल्याने खेळणाऱ्याला नव्या प्रदेशात आल्यासारखे वाटते.

प्रश्नचिन्हाचा ठोकळा आणि नाणी लुकलुकतात, त्यामागेही हीच युक्ती आहे. त्यांचे चित्र जराही बदलत नाही. चौथ्या पॅलेटमधील एक रंग ठरावीक कालावधीने उजळ-गडद केला जातो आणि तो जिथे जिथे असेल तिथे एकाच वेळी लकाकी येते. पॅलेटमधील रंग असे फिरवून पाणी वाहते ठेवण्याची आणि दिवे चमकवण्याची ही पद्धत पुढे सर्वच यंत्रांवर रूढ झाली.

काळ्याचे मोल

तीन रंगांत उजेड आणि सावली दाखवायची कशी? सरळ मार्ग म्हणजे एकाच रंगाची गडद, मध्यम व फिकी छटा. मात्र फॅमिकॉमच्या रंगपटात प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या चारच पायऱ्या होत्या आणि त्यांतील अंतरही बरेच मोठे होते. म्हणून चित्रकार शेजारच्या रंगाचा आधार घेऊ लागले. हिरव्याची सावली निळसर हिरव्यात, तर त्याचा उजेड पिवळसर हिरव्यात. तपकिरी खडकाची उजळ बाजू नारिंगी, तर काळोखी बाजू जांभळट. निसर्गातही हेच घडते. उन्हात उष्ण रंग आणि सावलीत आकाशाचा निळा मिसळलेला दिसतो. त्यामुळे अशी छटा उजेडाच्या पायरीने फारशी उतरलेली नसली तरी डोळ्याला सावली म्हणून पटते.

दुसरा मार्ग काळ्याचा. सामाईक पार्श्वरंगच काळा ठेवला तर प्रत्येक पॅलेटमध्ये सावली आयतीच मिळते आणि उरलेले तिन्ही रंग उजळ भागासाठी मोकळे राहतात. १९८६ च्या ‘मेट्रॉइड’मधील गुहा काळ्या अवकाशात कोरल्यासारख्या दिसतात, त्या यामुळेच. १९८९ मध्ये सनसॉफ्ट कंपनीने काढलेल्या ‘बॅटमॅन’ने ही पद्धत टोकाला नेली. त्यातील इमारती आणि यंत्रे बहुतांशी काळोखातच बुडालेली आहेत. कडांवर पडलेला थोडासा उजेड तेवढा रंगवला आहे आणि उरलेला आकार पाहणारा मनाने पूर्ण करतो.

छायांकनाला खेळाच्या सोयीचीही एक बाजू होती. पाय ठेवता येईल अशा कट्ट्याची वरची कड उजळ ठेवली जाई. त्यामुळे कुठे उभे राहायचे, हे खेळणाऱ्याला न सांगता कळे. मागचे डोंगर आणि भिंती मंद रंगांत व कमी विरोधाच्या छटांत ठेवल्या जात, म्हणजे त्यांवरून पळणारे पात्र उठून दिसे. दूरच्या सह्याद्रीच्या रांगा निळसर आणि धूसर दिसतात, तोच न्याय इथे लावला जाई. १९८९ च्या गेम बॉय या हातातील यंत्रावर तर रंगांचा प्रश्नच नव्हता. सगळे जग ४ छटांत बसवायचे होते. शिवाय त्याच्या पडद्यामागे दिवा नव्हता आणि हलणारी आकृती अंधूक पुसट होत असे. साहजिकच तिथे पार्श्वभूमी शक्य तितकी रिकामी आणि फिकी ठेवण्याकडे कल होता.

रेघांतून वाहणारा धबधबा

सेगा कंपनीचे मेगा ड्राइव्ह हे यंत्र ऑक्टोबर १९८८ मध्ये जपानमध्ये आले. त्याचा रंगपट ५१२ रंगांचा होता. १६ रंगांची ४ पॅलेट, त्यांतून पारदर्शकतेसाठी राखलेल्या जागा वजा केल्या तर साधारण ६१ रंग पडद्यावर एका वेळी दिसत. पार्श्वभूमीचे दोन थर वेगवेगळ्या वेगाने सरकवता येत असल्याने चित्राला खोली आली. मात्र एक उणीव होती. एका थराचे रंग दुसऱ्यात मिसळून काचेसारखा किंवा पाण्यासारखा पारदर्शक भाग या यंत्राला सहजपणे दाखवता येत नसे.

ही उणीव भरून काढणारे तंत्र वृत्तपत्रांच्या वाचकांना अपरिचित नाही. छापील छायाचित्र भिंगाखाली धरले तर शाईचे सुटे ठिपके दिसतात. भिंग बाजूला केले की त्यांतून करड्या छटा तयार होतात. खेळांच्या चित्रकारांनी दोन रंगांचे बिंदू आलटून पालटून मांडून मधला तिसरा रंग भासवला. या पद्धतीला डिदरिंग म्हणतात. घरोघरच्या दूरचित्रवाणी संचांनी तिला अनपेक्षित साथ दिली. यंत्रातून संचाकडे जाणाऱ्या साध्या वायरमध्ये रंग आणि उजेड एकाच संकेतात मिसळलेले असत. अगदी जवळजवळच्या उभ्या रेघांचे रंग त्या संकेताला वेगळे ठेवता येत नसत आणि ते एकमेकांत विरघळत.

१९९१ च्या ‘सॉनिक द हेजहॉग’मधील ग्रीन हिल या पहिल्याच प्रदेशात धबधबे आहेत. यंत्राच्या स्मृतीत त्यांचे चित्र म्हणजे एक आड एक अशा उभ्या रेघा आहेत. मधल्या फटींतून मागचे दृश्य दिसते. साध्या वायरने जोडलेल्या जुन्या संचावर या रेघा मिसळून जात आणि पाण्याचा पातळ, पारदर्शक पडदा कोसळताना दिसे. आजच्या सपाट पडद्यावर तोच धबधबा कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. याच खेळातील लॅबिरिंथ या प्रदेशात पडदा वरून खाली रंगवला जात असताना पाण्याच्या पातळीशी पॅलेट बदलली जाते. त्यामुळे पृष्ठभागाखालचे सगळे जग एका क्षणात निराळ्या रंगात बुडते.

या पार्श्वचित्रांवर काम करणाऱ्यांत रिएको कोदामा यांचा समावेश होता. १९८४ मध्ये सेगात दाखल झालेल्या कोदामा यांचे नाव ‘सॉनिक’च्या श्रेयनामावलीत मात्र ‘फीनिक्स री’ असे दिसते. त्या काळी जपानी खेळ कंपन्यांत खऱ्या नावाऐवजी टोपणनाव देण्याची प्रथा होती. मे २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. ही बातमी जगाला कळली ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ‘मेगा ड्राइव्ह मिनी २’ या पुनरावृत्त यंत्राच्या श्रेयनामावलीतील श्रद्धांजलीवरून. हे रंग कोणी निवडले, याची नोंद किती विरळ आहे, हे यावरून ध्यानात येते.

रंग वाढले, शिस्त उरली

निन्टेन्डोचे सुपर फॅमिकॉम २१ नोव्हेंबर १९९० रोजी जपानमध्ये आले आणि रंगपट एकदम ३२,७६८ रंगांचा झाला. पडद्यावर एका वेळी २५६ रंगांची सोय झाली. शिवाय दोन थरांच्या रंगांची बेरीज-वजाबाकी करण्याची क्षमता यंत्रातच होती. १९९१ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा: अ लिंक टू द पास्ट’मधील हरवलेल्या वनावर तरंगणारे धुके हे त्याचे सुरेख उदाहरण. पडद्याच्या प्रत्येक ओळीवर पार्श्वरंग किंचित बदलता येत असल्याने क्षितिजाकडे फिकट होत जाणारे आकाश पॅलेटमधील जागा न अडवता रंगवता येऊ लागले.

पुढे दोन वाटा फुटल्या. ब्रिटनच्या रेअर या कंपनीने १९९४ च्या ‘डाँकी काँग कंट्री’साठी सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या संगणकांवर त्रिमितीय जंगल उभारले आणि ती चित्रे १६ रंगांच्या पॅलेटमध्ये उतरवली. त्याच्या पुढच्याच वर्षी निन्टेन्डोच्या ‘योशीज आयलंड’ने उलट दिशा धरली. त्यातील डोंगर आणि झाडे लहान मुलाने खडूने रंगवल्यासारखी आहेत, रेघा मुद्दाम खडबडीत ठेवल्या आहेत. दोन्ही खेळ आजही पाहावेसे वाटतात. हाताशी ३२ हजार रंग असतानाही प्रत्येक टाइलमागे १६ रंगांची मर्यादा कायम होती आणि आधीच्या दशकातील काटकसरीची सवय तिथे उपयोगी पडली.

खरा रंग कोणता?

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे वळता येईल. आजचा संगणक लाल, हिरवा व निळा यांचे नेमके प्रमाण आकड्यांत साठवतो. फॅमिकॉमकडे असे आकडे नव्हतेच. त्याची चिप थेट दूरचित्रवाणीचा संकेत तयार करत असे आणि त्या संकेताचा रंग कसा वाचायचा, हे समोरचा संच ठरवत असे. अमेरिकी व जपानी संचांवर तर रंगाची छटाच सरकवणारे टिंट नावाचे बटणही असे. या परावलंबनाचे टोक त्याआधीच्या अटारी २६०० या १९७७ च्या यंत्राने गाठले होते. अमेरिकेतील आवृत्तीत त्याला १२८ रंग मिळत, तर फ्रान्समधील सेकाम प्रसारण पद्धतीच्या आवृत्तीत अवघे ८.

मारिओचे आकाश घ्या. खेळाच्या स्मृतीत त्याची नोंद षोडशमान पद्धतीतील २२ या क्रमांकाने आहे. हा क्रमांक काही संगणकीय अनुकरणांत, म्हणजे एम्युलेटरमध्ये, स्वच्छ आकाशी दिसतो, तर काहींत स्पष्टपणे जांभळट. दोन्ही बाजूंना तांत्रिक आधार आहे. खुद्द निन्टेन्डोने आर्केडसाठी बनवलेल्या याच चिपच्या वेगळ्या आवृत्तीत रंगांचे प्रमाण घरगुती यंत्रापेक्षा निराळे होते. पुढे कंपनीने वी यंत्रावर हे जुने खेळ पुन्हा उपलब्ध केले, तेव्हा त्यांचे रंग काळवंडल्याची तक्रार जाणकारांनी केली. २०१६ मध्ये आलेल्या छोट्या निन्टेन्डो यंत्रात चित्र दाखवण्याचे तीन पर्याय दिले गेले. बिंदू अगदी चौकोनी ठेवणारा एक, जुन्या संचाच्या चार-तीन प्रमाणात ताणलेला दुसरा आणि चित्रनळीचा आभास देणारा तिसरा. मूळ बिंदू संचावर किंचित रुंद दिसत. त्यामुळे आकारासाठीही पर्याय द्यावा लागला.

भारतात या चित्रांची ओळख झाली ती बहुतांशी १९९० च्या दशकात, फॅमिकॉमच्या स्वस्त नकलांमधून. कार्ट्रिजला आपल्याकडे सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाई आणि यंत्राची वायर अनेक घरांत संचाच्या अँटेनाच्या खाचेतच जोडली जाई. भारताची प्रसारण पद्धती पाल होती, तर मूळ रंगनिवड जपानच्या एनटीएससी संचांसमोर बसून झाली होती. त्यामुळे मुंबई-पुण्यातील मुलांनी पाहिलेला निळा आणि क्योटोतील चित्रकाराने पाहिलेला निळा एकच असेल, याची खात्री देता येत नाही.

चित्रनळीच्या संचांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन आता थांबले आहे आणि उरलेले संच एकेक करून भंगारात जात आहेत. खेळांचे बाइट जपणे तुलनेने सोपे आहे. त्यांच्या असंख्य प्रती आहेत. रेघांचे पाणी करणारी काच मात्र पुन्हा बनत नाही. म्हणून अलीकडे अभ्यासक आणि हौशी मंडळी जुन्या संचांवरील चित्रांची छायाचित्रे व मोजमापे गोळा करत आहेत, तर प्रोग्रॅमर संकेताच्या मिसळण्याचे गणित मांडून ते सपाट पडद्यावर उतरवण्याचा प्रयत्न करत आहेत. दुसरीकडे नव्या पिढीने चौकोनी, धारदार बिंदूंनाच जुन्या खेळांचे खरे रूप मानले आहे. २०१४ च्या ‘शव्हल नाइट’सारख्या खेळांनी फॅमिकॉमच्या रंगपटात मोजक्याच रंगांची भर घालून नवी चित्रे रंगवली, ती मुळातच सपाट पडद्यासाठी. त्या खेळांपुरते ते योग्यच आहे. मात्र संग्रहालयाच्या भिंतीवर ग्रीन हिलचा धबधबा कंगव्यासारखा दाखवला गेला, तर कोदामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे साधले होते त्यातील पाणीच वगळल्यासारखे होईल.

दृष्टिक्षेपात

* अटारी २६०० (१९७७): अमेरिकी आवृत्तीत १२८ रंगांचा रंगपट. पडद्याच्या एका ओळीत साधारण ४ रंग, मात्र प्रत्येक ओळीला ते बदलण्याची सोय.
* फॅमिकॉम (१९८३): सुमारे ५४ वापरण्याजोगे रंग. पार्श्वचित्रासाठी १३, पात्रांसह २५.
* मेगा ड्राइव्ह (१९८८): ५१२ रंगांचा रंगपट. एका वेळी साधारण ६१.
* गेम बॉय (१९८९): ४ छटा. पडदा १६० गुणिले १४४ बिंदूंचा.
* सुपर फॅमिकॉम (१९९०): ३२,७६८ रंगांचा रंगपट. पॅलेटमध्ये एका वेळी २५६ जागा आणि थरांचे रंग मिसळण्याची सोय.